नोकरी, घर आणि मायग्रेन : डोकेदुखीचे दिवस कमी करण्यासाठी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

महिन्यातून तीन-चारदा डोकं धरून बसणाऱ्या, तरीही सकाळचा डबा आणि ठरलेली लोकल चुकू न देणाऱ्या बायकांसाठी हा लेख आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतल्या अभ्यासकांनी कर्नाटकात घरोघरी जाऊन पाहणी केली होती. २०१५ साली तिचे निष्कर्ष छापून आले : वर्षभरात मायग्रेन झालेल्या प्रौढांचं प्रमाण जवळपास चारात एक इतकं होतं. वयात येईपर्यंत मुलामुलींमध्ये हा आजार साधारण सारखाच दिसतो. पाळी सुरू झाली की मुलींचं प्रमाण वाढत जातं आणि पुढे ते पुरुषांच्या सुमारे तिप्पट होतं. पंचविशी ते पन्नाशी हा त्याचा सगळ्यात जोराचा काळ. नोकरी, लहान मुलं, सासरमाहेरची आजारपणं, कर्जाचे हप्ते हे सगळं त्याच वयात येतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे आणि तो कुणाला असणार हे बऱ्याच अंशी आनुवंशिकतेने ठरतं. ‘फार विचार करतेस म्हणून डोकं दुखतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, तर ते सोडून द्या. तुमच्या कुठल्याही सवयीने हा आजार निर्माण केलेला नाही. पण झटका महिन्याला दोनदा येणार की दहादा, हे मात्र दिनक्रमावर पुष्कळ अवलंबून असतं. मायग्रेन असलेल्या मेंदूला अचानक बदल झेपत नाहीत, मग तो बदल झोपेतला असो, दोन जेवणांमधल्या अंतरातला, चहाच्या वेळेतला, संप्रेरकांमधला किंवा ताणातला. म्हणून ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ अशा याद्यांपेक्षा वेळा सांभाळण्याचा उपयोग जास्त होतो. खालच्या पायऱ्या त्याच धोरणाने लावल्या आहेत. सगळ्या एकदम सुरू करू नका. एक बदल तीन-चार आठवडे करून पाहा, मग पुढचा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि दमछाक होऊन सगळंच सुटतं.

पायरी १ : हे मायग्रेनच आहे का, ते आधी पाहा

औषध न घेतल्यास मायग्रेनचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. दुखणं बहुधा एका बाजूला, ठणकणारं, काम थांबवायला लावणारं असतं आणि जिना चढला किंवा खाली वाकलं तरी वाढतं. सोबत मळमळ किंवा उलटी होते, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. प्रत्येकीला यातलं सगळंच होतं असं नाही. काहींचं दोन्ही बाजूंनी दुखतं. काहींना दुखण्याच्या आधी ५ ते ६० मिनिटं डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, मधला भाग दिसेनासा होतो किंवा हातातोंडाला मुंग्या येतात. याला ऑरा म्हणतात. ऑरा येत असेल तर ते नीट लक्षात ठेवा, पुढे पायरी ५ मध्ये त्याचं महत्त्व आहे.

आपल्याकडे या आजाराला भलतीच नावं मिळतात आणि त्यात वर्षं वाया जातात. सगळ्यात मोठा घोळ पित्ताचा. डोकं चढतं, मळमळतं, शेवटी उलटी होते आणि मग हलकं वाटतं. म्हणून ‘पित्त पडलं की डोकं उतरतं’ असा समज पक्का होतो. मग रोज उपाशीपोटी आम्लपित्ताची गोळी सुरू होते, काही जणी घशात बोटं घालून उलटी काढतात. प्रत्यक्षात झटक्यात पोटाचं काम मंदावतं आणि उलटीची भावना मेंदूकडून येते. उलटीनंतर बरं वाटतं, कारण बहुतेकदा झटकाच तोवर ओसरत आलेला असतो. आम्लपित्त वेगळं असू शकतं, दोन्ही एकीलाच असू शकतं. पण दर वेळी अर्धं डोकं ठणकत असेल तर नुसत्या पित्ताच्या गोळीवर थांबू नका.

दुसरं नाव सायनसचं. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ‘सायनसची डोकेदुखी’ असा शिक्का बसलेल्या सुमारे तीन हजार जणांना तपासलं, त्यातल्या ८८ टक्क्यांना मायग्रेनच्या प्रकारातली डोकेदुखी निघाली. मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणीही येतं, त्यामुळे फसगत होते. मान आखडणं हेदेखील झटक्याचं लक्षण असतं, म्हणून अनेक जणी वर्षानुवर्षं मानेला पट्टा लावून फिरतात. चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्यावा, पण तो दर महिन्याला उलट्या करवत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढीलपैकी काही झालं तर हा लेख बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा : क्षणार्धात टोकाला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठ होणं, हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा खोकल्याने, आडवं झाल्याने वाढणारी डोकेदुखीही डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

पायरी २ : कालनिर्णयवर नोंद ठेवा

मोबाइलवर यासाठी ॲप आहेत, पण माझं मत स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयच्या बाजूने आहे. दुधाचा हिशोब जिथे लिहितो त्याच चौकोनात दोन शब्द लिहायचे. नोंद चुकत नाही, आणि चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार आयतेच छापलेले असल्याने उपवास आणि डोकेदुखी यांचा संबंध शोधावा लागत नाही, तो दिसतो.

काय लिहायचं? डोकं किती वाजता सुरू झालं, किती दुखलं (१ ते ३), कोणती गोळी किती वाजता घेतली, पाळीचा कितवा दिवस, आदल्या रात्री किती वाजता झोपलात आणि आदलं जेवण कधी झालं. एवढंच. उदाहरणार्थ :

‘गुरु. दु. ४ पासून, ३. गोळी ७ ला. काल झोप १२:३०. डबा ३ ला खाल्ला.’
‘रवि. स. ९ ला उठताच, २. गोळी १० ला. पाळी उद्या-परवा.’

पहिल्या नोंदीत दोन गोष्टी उघड आहेत : उशिरा खाल्लेला डबा आणि तीन तास उशिरा घेतलेली गोळी. अशा दोन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की तुमचं चित्र तुम्हाला कळतं. ते शेजारणीच्या चित्रासारखं असेलच असं नाही.

वाचताना एक गोष्ट सांभाळा. दुखणं सुरू होण्याच्या काही तास आधीपासून, कधी दोन दिवस आधीपासून, झटक्याची पूर्वसूचना मिळत असते : सारख्या जांभया, चिडचिड, मान जड होणं, वारंवार लघवी, गोड खाण्याची तीव्र इच्छा. त्या इच्छेपोटी चॉकलेट खाल्लं आणि नंतर डोकं दुखलं तर दोष चॉकलेटवर जातो. झटका मात्र त्याआधीच सुरू झालेला असू शकतो. म्हणून एखादा पदार्थ तीन-चारदा स्पष्टपणे नडल्याशिवाय ताटातून काढू नका. दारू, विशेषतः रेड वाइन, पुष्कळ जणींना नडते. बाकी लोणचं, दही, टोमॅटो सरसकट बंद करण्याला फारसा आधार नाही.

पायरी ३ : पोट रिकामं राहू देऊ नका

मला विचाराल तर पहिला बदल इथे करा. फरक लवकर दिसतो आणि त्यासाठी खर्चही नाही.

डोंबिवली किंवा चिंचवडहून कामाला जाणाऱ्या बाईचा दिवस पाहा. रात्री सगळ्यांचं आवरून ती १० वाजता जेवते. पहाटे पाचला उठते, तीन डबे भरते, चहा उभ्याने पिते, मुलाला पोहे देते आणि स्वतः ‘ट्रेनमध्ये खाईन’ म्हणून निघते. गाडीत पाय ठेवायला जागा नसते. ऑफिसात दुसरा चहा आणि दोन बिस्किटं होतात. डबा उघडतो तो १ वाजता. म्हणजे १५ तास तिच्या पोटात नीट अन्न नाही. आठ तासांहून जास्त उपाशी राहिल्यावर डोकं दुखणं ही वैद्यकशास्त्राने स्वतंत्रपणे नोंदलेली गोष्ट आहे, आणि मायग्रेन असलेल्यांना तिचा धोका जास्त.

उठल्यापासून तासाभरात काहीतरी खा आणि दिवसा चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. रांधून बसून नाश्ता करायला वेळ नाही हे गृहीत धरूनच सांगते आहे. डब्यांसाठी पहिली पोळी उतरली की तिच्यावर तूप किंवा शेंगदाण्याची चटणी पसरून गुंडाळी करा आणि तिथेच खा. रात्री अंडी उकडून ठेवता येतात. पर्समध्ये शेंगदाणे-गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू असं न सांडणारं, न नासणारं काही कायम असू द्या. संध्याकाळी ऑफिसातून निघताना, म्हणजे प्रवासाच्या आधी, मूठभर खा. घरी पोचल्यावर खाईन म्हटलं की कुकर लागतो आणि साडेनऊ वाजतात.

उपवासाचं काय? श्रद्धा तुमची आहे, मी ती मोडायला सांगणार नाही. पण निर्जळी उपवास मायग्रेन असलेल्या बाईला महाग पडतो. हरतालिका निर्जळी न करता फळ-दुधावर करता येते, आजारी माणसाला सवलत आपल्या परंपरेतच आहे. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊच्या सुमाराला होतो, तोवर नुसत्या चहावर राहू नका. सकाळी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, दुपारी रताळं किंवा फळ, दही, संध्याकाळी मूठभर दाणे असं वाटून खा. एकदाच वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली की ती मुख्यतः पिष्ट असल्याने भूक थोड्या वेळात परत येते. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी सहरी चुकवू नये, आणि महिना सुरू होण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून चहा-कॉफी हळूहळू कमी करत न्यावी. पहिल्या दिवसांतली डोकेदुखी त्याने बरीच टळते.

पायरी ४ : पाणी आणि चहा

पाणी कमी पिण्याचं कारण आळस हे क्वचितच असतं. बस कंडक्टर, वाहतूक पोलीस, शिक्षिका, फिरतीवरच्या आशा सेविका, बाजारात बसणाऱ्या विक्रेत्या मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह नसतं. त्यांना ‘दोन लिटर पाणी प्या’ एवढं सांगून काय उपयोग? स्वच्छतागृह मिळण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यांच्या अर्धा-पाऊण तास आधी ग्लासभर पाणी, उठल्याबरोबर एक-दोन ग्लास, घरी आल्यावर पुन्हा, असं वाटून घेणं जमू शकतं. उन्हाळ्यात ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जास्त चांगलं.

चहा वाईट नाही, त्याच्या बदलत्या वेळा वाईट. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (एनआयएन) २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५. मायग्रेन असेल तर दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे साधारण तीन छोटे कप चहा. रोज यापेक्षा जास्त कॅफिनची सवय असलेल्या शरीराला ते मिळालं नाही तर २४ तासांत डोकं धरतं. सोमवार ते शनिवार साडेपाचला होणारा पहिला चहा रविवारी साडेनऊला झाला तर काय होतं, ते आता वेगळं सांगायला नको. कमी करायचा असेल तर आठवड्याला एक कप या गतीने करा. दुपारी चारनंतरचा कप आधी सोडा, त्याने रात्रीची झोपही सुधारते.

पायरी ५ : पाळीचं गणित

पाळीच्या आधी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी झपाट्याने उतरते आणि तो उतार झटका आणतो. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतच्या टप्प्यात, तीनपैकी किमान दोन पाळ्यांत डोकं दुखत असेल, तर तुमचं मायग्रेन पाळीशी जोडलेलं आहे. हे झटके जास्त लांबतात आणि गोळीला दाद कमी देतात.

संप्रेरकांचा उतार आपल्या हातात नाही. त्या पाच दिवसांत बाकीच्या गोष्टी अंगावर घ्यायच्या नाहीत, एवढं हातात आहे. त्या आठवड्यात जागरण, उपवास, लांबचा प्रवास, घरातली मोठी साफसफाई शक्य तितकी टाळा, किंवा निदान एकत्र येऊ देऊ नका. पाळी नियमित असेल तर या ठरावीक दिवसांपुरतं आधीच सुरू करायचं औषध डॉक्टर देऊ शकतात. बऱ्याच बायकांना हे माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम विचारा.

ऑरा येणाऱ्या बायकांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्या अशा बायकांसाठी निषिद्ध ठरवल्या आहेत. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं, छायामध्ये नसतं. धूम्रपान आणि मिश्रीही सोडाच. पाळी पुढे ढकलण्यासाठी सणासमारंभाला घेतलेल्या गोळ्याही परस्पर दुकानातून घेऊ नका.

गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीपासून पुष्कळ जणींना आराम पडतो. चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागली की त्रास वाढू शकतो आणि पाळी गेल्यावर अनेकदा ओसरतो.

पायरी ६ : झोप आणि रविवार

झोप कमी झाली तरी डोकं दुखतं आणि जास्त झाली तरी. म्हणून उठण्याची वेळ पक्की करा आणि सुट्टीच्या दिवशीही ती तासाभराहून जास्त हलवू नका. हा सल्ला दमलेल्या बाईला क्रूर वाटेल, मला कळतं. आठवड्यातून एकच दिवस झोपायला मिळतो आणि तोही सोडायचा? यावर मध्यममार्ग आहे : नेहमीच्या वेळेला उठून चहा घ्या, काहीतरी खा, आणि दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटं आडव्या व्हा. खरी भरपाई मात्र रात्री लवकर झोपून होते.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २००७ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. जवळजवळ रोज डोकं दुखणाऱ्या ४३ बायकांपैकी एका गटाला झोपेच्या साध्या सूचना दिल्या : आठ तास मिळतील अशी ठरावीक वेळ, अंथरुणात टीव्ही किंवा वाचन नाही, झोपेच्या चार तास आधी जेवण, दिवसा झोप नाही. त्यांची डोकेदुखी लक्षणीय कमी झाली आणि अनेकींचा रोजचा त्रास अधूनमधूनच्या त्रासावर आला. आपल्याकडे झोपेआधी चार तास जेवण म्हणजे अवघडच, पण दोन तासांचं अंतर आणि उशाजवळून मोबाइल हटवणं जमू शकतं. दुपारची डुलकीसुद्धा रोज दुखणाऱ्या बाईने टाळलेली बरी.

रात्रपाळीवरच्या परिचारिका आणि हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणाऱ्या मुलींना ठरावीक वेळ शक्य नसते. निदान कामाची शिफ्ट दर दोन-तीन दिवसांनी न बदलता सलग ठेवून मागा. दिवसा झोपताना खोली अंधारी करा आणि कामाच्या रात्रीही मधल्या वेळेला नीट जेवा.

रविवारी आणखी एक गोष्ट घडते. ताण वाढल्यापेक्षा तो अचानक उतरल्यावर झटका येण्याचं प्रमाण मोठं असतं. मार्चअखेर संपली, परीक्षेचे पेपर तपासून झाले, पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. म्हणून मोठं काम संपल्याच्या संध्याकाळी लगेच कोसळू नका. नेहमीच्या वेळेला जेवा, थोडं चाला, वेळेवर झोपा. झोपेत घोरत असाल आणि उठल्यावर रोज डोकं जड असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

पायरी ७ : एकाच दिवशी किती गोष्टी साचतात, ते मोजा

वटपौर्णिमेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. जूनचा उकाडा. सकाळपासून उपवास. लांब केसांवरून अंघोळ, केस ओले असतानाच घट्ट अंबाडा. वडाभोवती उन्हात रांग, उदबत्ती-धुपाचा धूर. तिथून साडी सांभाळत ऑफिस, आणि दुपारी एसीच्या थेट झोतात बसणं. यातली एकेक गोष्ट एरवी चालून जाते. पाच एकत्र आल्या की संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत पडावं लागतं आणि दोष कुठल्या तरी एकीला दिला जातो.

केस धुण्याचं निमित्त ही मनाची समजूत नव्हे. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांमध्ये डोक्यावरून केलेली अंघोळ मायग्रेनला निमित्त होते, हे नोंदवलं आहे. तुम्हाला हे नडत असेल तर उपवासाच्या किंवा पाळीआधीच्या दिवशी केस धुऊ नका. आधी काहीतरी खा. धुतल्यावर टॉवेलचा जड फेटा फार वेळ ठेवू नका, टिपून मोकळे सोडा आणि कोरडे झाल्याशिवाय बांधू नका किंवा पंख्याखाली बसू नका.

स्कूटर चालवणाऱ्यांना हेल्मेटने डोकं दुखत असेल तर मापाचं, आतून मऊ अस्तराचं हेल्मेट घ्या आणि अंबाड्याऐवजी खाली सैल वेणी घाला. हेल्मेट काढून ठेवणं हा उपाय नाही. उन्हाला गॉगल आणि स्कार्फ. फिनेल, उग्र अत्तर, फोडणीचा ठसका नडत असेल तर खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट फॅन सुरू. पूर्ण टाळता येत नसलं तरी ज्या दिवशी बाकीचं साचलेलं आहे त्या दिवशी जपा.

पायरी ८ : चालणं आणि योग

स्वीडनमध्ये २०११ साली एक तुलना झाली : आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम, शिथिलीकरण, आणि टोपिरामेट हे मायग्रेन रोखणारं औषध. तिन्ही गटांत झटके कमी झाले आणि व्यायाम औषधाच्या मागे पडला नाही. दिल्लीच्या एम्समध्ये औषधोपचाराला योगाची जोड दिलेल्या रुग्णांना नुसत्या औषधांवरच्या रुग्णांपेक्षा जास्त आराम पडला, ते निष्कर्ष २०२० चे. औषधाला जोड म्हणून योग, औषध बंद करून नव्हे, हे लक्षात ठेवा.

जिम लागत नाही. एक स्टॉप आधी उतरून भरभर चालणं चालेल. सुरुवात दहा मिनिटांपासून करा, कारण एकदम जोराच्या व्यायामाने काहींचं डोकं उठतं. रिकाम्या पोटी आणि दुपारच्या उन्हात चालू नका.

पायरी ९ : गोळी वेळेवर, पण दिवस मोजून

इथे दोन उलट चुका होतात. ‘सारखी गोळी नको’ म्हणून सहन करत राहायचं आणि अगदीच असह्य झाल्यावर घ्यायची, ही पहिली. तोवर पोटाचं काम मंदावलेलं असतं, गोळी उलटीत जाते. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दुखणं सौम्य असतानाच, पहिल्या तासात, पुरेशा मात्रेत घ्यावी. मळमळ होत असेल तर उलटीचं औषधही लिहून घ्या.

दुसरी चूक जास्त घातक : दुकानातून मिळणारी ‘डोक्याची गोळी’ दर दोन दिवसांनी घेणं. साधी वेदनाशामकं महिन्याला १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन ही मायग्रेनवरची खास औषधं किंवा अनेक औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. म्हणून कालनिर्णयवर गोळीच्या दिवसाला लाल टिंब द्या. महिन्यात आठ टिंबं झाली की डॉक्टरांची वेळ घ्या. पाकिटामागचे घटक वाचा, त्यात कॅफिन आणि अर्गोटामिन असेल तर गरोदरपणात ती गोळी अजिबात नको. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, उच्च रक्तदाब यांपैकी काही असेल तर कुठलीही वेदनाशामक विचारून घ्या.

पर्समध्ये कायम : तुमची गोळी, उलटीची गोळी, पाण्याची बाटली, गॉगल, एक प्लास्टिकची पिशवी. ऑरा सुरू झाला तर गाडी बाजूला घ्या, दिसणं पूर्ववत होईपर्यंत चालवू नका.

पायरी १० : घरात आणि ऑफिसात काय मागायचं

वर सांगितलेलं सगळं एकटीने पाळणं शक्य नाही, आणि ते एकटीवर टाकणं अन्यायाचं आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामाला देतात, पुरुष ८८ मिनिटं. साडेदहाला झोपा म्हणायचं, तर त्यानंतरचा ओटा, विरजण, दप्तर आणि उद्याची भाजी कुणीतरी दुसऱ्याने करायला हवी.

‘मला बरं वाटत नाही, जरा मदत करा’ असं मोघम सांगितलं की मदत दोन दिवस टिकते. काम नाव घेऊन, कायमचं सोपवा : ‘रात्रीचा ओटा आजपासून तुझा. रविवारचा चहा-नाश्ता बाबा करतील. मी दहाला दिवा घालवणार.’ सासूबाईंना कालनिर्णयवरच्या नोंदी दाखवा. डोळ्यांसमोर महिन्याचा हिशोब असला की ‘नाटकं करते’ हा सूर बराच निवळतो. झटक्याच्या दिवशी जेवण कुणी करायचं, मुलाला शाळेतून कुणी आणायचं हे बऱ्या दिवशीच ठरवून ठेवा.

ऑफिसात सहानुभूती मागण्यापेक्षा नेमक्या गोष्टी मागा : खिडकीतल्या उजेडाच्या झोतापासून किंवा लुकलुकणाऱ्या ट्यूबपासून दूर जागा, एसीचा झोत थेट न येणारी खुर्ची, झटका आला तर वीस मिनिटं पडायला शांत कोपरा. जेवणाची सुट्टी हा तुमचा हक्क आहे. ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठरावीक तासांहून जास्त सलग काम अर्ध्या तासाच्या विश्रांतीशिवाय करवून घेता येत नाही, आणि पिण्याचं पाणी व स्वच्छतागृह देणं मालकावर बंधनकारक आहे. बँकेत, दुकानात, कॉल सेंटरमध्ये डबा तीनला खाणाऱ्या बायकांनी हे एकत्र मिळून मांडलं तर एकटीवर बोट दाखवलं जात नाही.

पायरी ११ : डॉक्टरांकडे कधी, काय घेऊन

महिन्यात चार किंवा अधिक दिवस काम थांबत असेल तर रोज घेण्याच्या प्रतिबंधक औषधाचा विचार करायची वेळ झाली आहे. महिन्यात १५ दिवस किंवा अधिक डोकं दुखत असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. जाताना दोन महिन्यांचं कॅलेंडर, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गर्भनिरोधक घेत असाल तर तीही न्या आणि रक्तदाब मोजून घ्या. लक्षणं नेहमीची आणि तपासणी ठीक असेल तर दर वेळी एमआरआयची गरज नसते.

प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन ही आपल्याकडे नेहमी दिली जाणारी प्रतिबंधक औषधं. त्यांचा गुण यायला साधारण दोन महिने लागतात, आठवड्यात सोडू नका. वजन वाढणं, दिवसभर झोप येणं, मन उदास होणं असं काही वाटलं तर औषध परस्पर बंद न करता फोन करा. मात्रा किंवा औषध बदलता येतं. मूल हवं असेल किंवा राहण्याची शक्यता असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही औषधं गर्भाला घातक आहेत. खूप चिंता किंवा उदासी असेल तर तीही सांगा. मायग्रेनबरोबर ती वारंवार येते आणि तिच्यावर उपचार झाले की डोकेदुखीचे दिवसही कमी होतात.

डॉक्टरांना शेवटी तीन प्रश्न विचारून घ्या आणि उत्तरं लिहून आणा : झटका सुरू होताच कोणती गोळी किती घ्यायची, दोन तासांत उतरलं नाही तर पुढे काय करायचं, आणि महिन्यात जास्तीत जास्त किती दिवस ती चालेल.